राक्षसाची थकलेली मजुरी

पत्र: "ताई, आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी राजारामपुरीत एका मित्राच्या घरी, वरच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा, प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचा खेळ खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. बरेच दिवस खपून नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन पुराणांच्या पद्धतीचं जग उभं केलंय. बर्फ, फ्योर्ड (डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाड्या), लांबलचक लाकडी घरं, ओडिन-थॉरची देवस्थानं. तिघांची कॅरेक्टर्स ठरली, थॉरची क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारी), एक रेंजर (रानातला तिरंदाज) आणि एक बार्ड (गाणी-कथा सांगणारा). चौथा म्हणतो, मला राक्षस खेळायचाय. टीफलिंग, म्हणजे राक्षसाचं रक्त असलेला माणूस, नको; पक्का राक्षस. कॅरेक्टरच्या ताकदींचं शीटही स्वतःच लिहून आणलंय. पहिल्या लेव्हललाच पंख, आगीनं काहीच होत नाही, वर नखांचा हल्ला. क्लेरिक खेळणारी म्हणते, राक्षस आला की सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरणार, आम्ही नुसतं मागं मागं. बार्डचं म्हणणं, नॉर्स पुराणात राक्षस नसतातच, ते ख्रिस्ती लोकांचं. त्यात मित्राची आजी विचारते, नवरात्र तोंडावर आलंय आणि घरात हे राक्षसाचं सोंग कशाला? हो म्हणू की नको? दोस्ती तुटायला नको आणि जगही बिघडायला नको. — गोंधळलेला डीएम, कोल्हापूर"

राक्षसाला हो म्हण. त्याने लिहून आणलेल्या शीटला मात्र नको म्हण.

आधी बार्डचं बघू. तो निम्मा बरोबर आहे. नरकात राहणारा, माणसाच्या आत्म्यावर टपलेला राक्षस नॉर्स कथांत भेटत नाही. तिथे आहेत ते योटुन, म्हणजे महाकायांचं कुळ, आणि योटुन हे देवांचे सख्खे नातेवाईक. ओडिनची आई बेस्टला ही योटुनाची लेक. थॉरची आई योर्ड तिकडचीच. लोकीचा बाप फार्बाउटी योटुन, तरी लोकी असगार्डात, म्हणजे देवांच्या नगरीत, त्यांच्या पंगतीला बसतो, कारण त्याने आणि ओडिनने कधीकाळी रक्तात रक्त मिसळून भावाचं नातं जोडलंय. म्हणजे असगार्डवाले योटुनांवर हत्यार उगारतात तेव्हा समोर बहुतेक वेळा मामा असतो, आजोबा असतो, नाहीतर सासरा. आपल्याकडेही तेच. अदिती आणि दिती दोघीही कश्यपाच्या बायका. एकीची मुलं आदित्य, दुसरीची दैत्य. भाऊबंदकीच ही, आणि बांधावरची भाऊबंदकी किती पिढ्या चालते ते कोल्हापूरच्या माणसाला मी काय सांगावं!

बार्ड निम्मा चुकतो तो इथे. आपण ज्याला नॉर्स पुराण म्हणतो ते आपल्यापर्यंत आलंय ते ख्रिस्ती झालेल्या माणसांच्याच लेखणीतून. आइसलंडने इसवी सन १००० च्या सुमाराला ख्रिस्ती धर्म घेतला आणि स्नोरी स्टुरलुसन या तिथल्या लेखकाने त्याची एड्डा, म्हणजे या कथांचा ग्रंथ, लिहिली ती १२२० च्या आसपास. मधली दोनशे वर्षं त्या कथांवर नवा रंग चढत होता. तेव्हा 'शुद्ध नॉर्स' असा धाक घालून मित्राचा राक्षस अडवण्यात अर्थ नाही. तुझं जग नॉर्सवरून घेतलेलं आहे, त्यात काय बसतं ते तूच ठरवणार. फक्त जे बसवशील ते त्या जगाच्या रीतीने बसव.

आणि ती रीत आहे देण्याघेण्याची. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त हेच सांगावंसं वाटत होतं. तुमचा मित्र राक्षसाची सुरुवात शिंगं-पंखांपासून करतोय. तू त्याला एकच प्रश्न विचार: तुझ्या राक्षसाचं देवांकडे किंवा माणसांकडे काय येणं आहे, आणि तो कोणाचं काय देणं लागतो? याचं उत्तर नसेल तर तो नुसता मोठा आकडा असलेला प्राणी आहे. त्याला पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, जागा द्यायला कारणच उरत नाही. उत्तर असेल तर अख्ख्या गावाला त्याच्याशी बोलावं लागेल, आवडो न आवडो.

स्काडीची गोष्ट त्याला वाचायला लाव. देवांनी तिचा बाप थ्यासी मारला. ही योटुनाची पोर चिलखत घालून, शस्त्रं घेऊन एकटी असगार्डाच्या दारात उभी राहिली. देवांना तिलाही मारता आलं असतं. त्यांनी भरपाई देऊ केली. त्या समाजात खुनाचा बदला टाळायचा तर मयताच्या घरच्यांना भरपाई द्यावी लागे, तोच कायदा देवांनाही लागू. तिला सांगितलं, आमच्यातला एक नवरा निवड, पण फक्त पाय बघून. तिने सगळ्यात देखणे पाय बघून देखणा देव बाल्डर समजून बोट दाखवलं, आणि निघाला समुद्राचा देव न्योर्ड. तिची दुसरी अट होती की मला हसवून दाखवा. लोकीने तेही केलं. ओडिनने तिच्या बापाचे डोळे आभाळात फेकून तारे केले. संसार काही टिकला नाही, तिला समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटात झोप लागेना आणि त्याला डोंगरात लांडग्यांच्या आवाजात. पण त्यानंतर स्काडी देवांच्यातलीच मोजली गेली. राक्षसकुळातलं कोणी पार्टीत कसं यावं याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे शोधायला नको.

आता तुझ्या मित्रासाठी मला सुचलेली बॅकस्टोरी, म्हणजे पात्राचा पूर्वेतिहास. असगार्डाची तटबंदी एका अनोळखी गवंड्याने बांधली. मजुरी मागितली ती फ्रेया ही देवी, सूर्य आणि चंद्र. देवांनी अट घातली की एका हिवाळ्यात काम पुरं झालं पाहिजे, माणसाची मदत घ्यायची नाही. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी एवढंसं जरी राहिलं तरी मजुरी बुडाली. लोकीच्या सांगण्यावरून त्याला फक्त त्याचा घोडा, स्वाडिलफारी, वापरू दिला. तो घोडा रात्रभर असे धोंडे ओढायचा की तीन दिवस बाकी असताना भिंत वेशीपर्यंत येऊन पोचली. देव घाबरले आणि लोकीच्या मानगुटीवर बसले. लोकी घोडी होऊन रानात गेला, घोडा तिच्यामागे पळाला, काम अडलं. गवंडी संतापला तेव्हा कळलं, हा तर डोंगरातला योटुन. मग देवांनी त्याच्या सुरक्षेच्या घेतलेल्या सगळ्या शपथा गुंडाळून ठेवल्या, थॉरला बोलावलं आणि हातोड्याच्या एका घावात विषय संपवला.

तुझ्या मित्राचा राक्षस त्या गवंड्याचा वारस आहे असं समज. तो मजुरी मागायला आलाय. दावा बघ किती छान अडचणीचा आहे. काम अपुरं राहिलं हे खरं. ते फसवणुकीने अपुरं राहिलं हेही खरं. आणि शपथ देवांनी मोडली यात तर वादच नाही. असा दावा एका सेशनमध्ये, म्हणजे एका बैठकीत, निकाली निघत नाही, त्यावर अख्खं कॅम्पेन, म्हणजे सगळ्या बैठकांची मिळून एक गोष्ट, चालतं. प्रत्येक गावच्या सभेत लोक त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलतील. ज्या भिंतीच्या आडोशाने सगळे सुखाने राहतात ती आपल्या आजोबाने बांधली, हे ऐकवल्यावर दारात त्याला कोण काय उत्तर देणार?

मित्राला आगही हवी आहे ना? मग आई मुस्पेलहाइमची दाखव. मुस्पेलहाइम म्हणजे दक्षिणेचा अग्निलोक. तिथला सुर्ट जळती तलवार घेऊन सरहद्दीवर बसलाय, शेवटच्या युद्धाची वाट बघत. त्याच लोकातून उडालेल्या ठिणग्या घेऊन देवांनी सूर्य आणि तारे केले, असं एड्डाच सांगते. म्हणजे आजोबाने मजुरीत मागितलेला सूर्य हा मुळात आईच्या माहेरचा माल! मी तुझ्या जागी असते तर ही गोष्ट मित्राच्या कानात सांगितली असती आणि बाकीच्यांना चौथ्या-पाचव्या सेशनपर्यंत कळू दिली नसती.

आता शीट. पंख काढून टाक. पहिल्या लेव्हलला एकाला उडता आलं की तू रचलेल्या दऱ्या, तट, खंदक, सगळे एकदम निकामी होतात, आणि धनुष्यबाण घेतलेल्या रेंजरला वाटतं आपण इथे कशाला आहोत. शिवाय नॉर्स जगात उडायची सोय उसनी मिळते. थ्यासीच्या तावडीतून इडून या देवीला सोडवायला लोकी गेला तेव्हा फ्रेयाकडून ससाण्याच्या पिसांचा अंगरखा मागून नेला होता. तुमच्या राक्षसालाही पंख मिळू देत, पण कधीतरी, कोणाकडून तरी, उसने. परत द्यायची तारीख ठरवून.

आगीनं काहीच होत नाही, हे बदलून आगीचं नुकसान निम्मं कर. तेवढं तर २०१४ च्या नियमांतल्या टीफलिंगलाही मिळतं, त्यामुळे कोणी तक्रार करणार नाही. नखं राहू देत, त्याने काही बिघडत नाही. बाकी सांगाडा २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकातल्या गोलायथ या महाकायवंशी जमातीचा घे. त्यात महाकाय पूर्वजांचे प्रकार आधीच दिलेत, आगीचा आहे, दगडाचा आहे, बर्फाचाही आहे. गवंड्याच्या वंशजाला तो टीफलिंगपेक्षा जास्त शोभतो आणि तोलून बनवलेला आहे.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष दे, कारण नवे डीएम तिथे फसतात. त्याचा क्रीचर टाइप, म्हणजे नियमांच्या लेखी त्याची जात, काय? 'फीन्ड' (राक्षस) लिहिलंस तर होल्ड पर्सनसारखे माणसांवर चालणारे मंत्र त्याला लागणार नाहीत, आणि हे फुकटचं कवच पंखांपेक्षा महाग पडतं. नुसतं 'ह्युमनॉइड' (माणसासारखा) लिहिलंस तर मित्र म्हणेल, मग मी राक्षस कसला? तू दोन्ही लिही. होल्ड पर्सन त्याला लागेल. आणि पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा डिव्हाइन स्माइट हा घाव त्याच्यावर फीन्डवर पडतो तसा जादा पडेल, राक्षस ओळखणारा मंत्र त्याला ओळखेल, प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुडचं कवच त्याच्यापासून वाचवेल. राक्षस असण्याची किंमत ही अशी फाशांवर दिसली पाहिजे. आणि मेल्यावर आपल्या लोकात पुन्हा जन्म वगैरे सवलत अजिबात देऊ नकोस. बाकीच्यांचा जीव एकच असताना त्याचा एकट्याचा सुटणार असेल तर टेबलवरची भीतीच संपते.

आता क्लेरिकचं, आणि मला तिची बाजू सगळ्यात वजनदार वाटते. 'आम्ही नुसतं मागं मागं' हे जे ती म्हणते ते अनेक टेबलांवर खरंच होतं. राक्षस, शापित राजपुत्र, हरवलेला वारस असं कोणी आलं की डीएमची नजर तिकडेच खिळते. पण तुझ्या हाती एक आयतं रत्न आहे. ती थॉरची क्लेरिक आहे. गवंड्याला मारणारा हात तिच्या देवाचा! त्या दाव्यात ती स्वतः पक्षकार आहे. तिला राक्षसाची जामीन कर.

ही कल्पनाही तिथलीच. लोकीच्या मुलाला, फेनरीर लांडग्याला, देवांनी ग्लाइपनिर नावाच्या दोरीने बांधलं. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी, या सहा गोष्टींपासून ती रेशमासारखी मऊ दोरी केली होती. लांडगा म्हणाला, दगा नाही याची खूण म्हणून कोणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा. टीर या देवाने ठेवला. दगा होताच, टीरचा हात गेला. म्हणजे त्या जगात राक्षसकुळाला जामीन राहणं ही गंमत नाही, आणि जो राहतो त्याची गाथा होते.

खेळात असं कर. सभेत क्लेरिक सगळ्यांसमोर सांगेल, हा माझ्या शब्दावर आत आला. राक्षसाच्या मनगटाला एक दोरी, तिची गाठ क्लेरिकच्या हाताची. वस्तीत असताना त्याची आग, त्याचं खरं रूप बाहेर यायचं तर गाठ तिने सोडायची. सोडली की जे होईल त्याला दोघं जबाबदार. कधी सोडायची हा निर्णय पूर्ण तिचा; तू डीएम म्हणून जबरदस्तीने सोडवायची नाहीस आणि मित्राने हट्ट करायचा नाही. सगळ्यात मोठा हल्ला त्याचा असला तरी सगळ्यात मोठा निर्णय तिचा होतो. पण हे तिच्यावर लादू नकोस. मित्राला हो म्हणायच्या आधी तिच्याकडे जा आणि विचार, असं खेळायला आवडेल का? ती नाही म्हणाली तर जामीन म्हणून गावचा कोणी म्हातारा एनपीसी (तू स्वतः चालवायचं पात्र) उभा कर आणि तिला वेगळा धागा दे. रेंजर-बार्डलाही विचार, की तुमच्या घरचं या भिंतीशी काय नातं? एखाद्याच्या पणजोबाने ते काम लांबून बघितलं असेल.

आजींना नियम समजावत बसू नकोस. खाली जाऊन त्यांच्याजवळ बस आणि कोल्हासुराची गोष्ट सांगायला सांग. त्यांना पाठ असणार. अंबाबाईने त्याचा वध केला, मरताना त्याने मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी कोहळ्याचा बळी दे, आणि देवीने ते दिलं. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी रुसलेल्या त्र्यंबोलीच्या भेटीला टेंबलाईवर जाते, कुमारिका त्रिशुळाने कोहळा फोडते आणि त्याची फोड मिळावी म्हणून केवढी झुंबड उडते, ते तू लहानपणापासून बघतोयस. देवी आणि असुर यांच्यात शेवटच्या क्षणी झालेला करार आहे तो, आणि अख्खं शहर आजही तो पाळतं. आपल्या गावाला असुराचं नाव आहे आणि आपण ते अभिमानाने सांगतो. सोंगाचंच म्हणाल तर तळकोकणात दशावतारात संकासुर रंगमंचावर आला की पोरंटोरं पुढे सरकून बसतात, आणि ते खेळ होतात देवळांच्या जत्रांत. तरीही आजींना नवरात्रात वरच्या खोलीत तो खेळ नकोच वाटला, तर घर त्यांचं आहे. ते नऊ दिवस रंकाळ्यावर बसून बॅकस्टोरी लिहा आणि पहिलं सेशन दसऱ्यानंतर ठेवा.

त्या पहिल्या सेशनचा पहिला प्रसंगही सांगून टाकते. मधुशाळेत सगळे योगायोगाने भेटतात, असलं काही करू नकोस. हिवाळ्याची रात्र, लांब घर, मधोमध चूल. हावामाल या जुन्या कवितेत पाहुण्याची रीत अगदी तपशिलात दिली आहे. गारठलेल्या गुडघ्यांनी आलेल्याला आग हवी, अन्न आणि कपडे हवेत, जेवणाआधी हात धुवायला पाणी आणि पुसायला पंचा हवा. दार वाजतं. घरधनी बाई रीतीप्रमाणे पाण्याचं लाकडी भांडं पुढे करते. पाहुणा हात बुडवतो आणि पाणी चर्र करून वाफ होतं. ती भांड्याकडे बघते, त्याच्याकडे बघते. पंचा अजून तिच्या हातात आहे. इथे थांब आणि टेबलवर प्रत्येकाला विचार, तुम्ही काय करता? सगळ्यात आधी क्लेरिकला विचार.

मित्राशी एक बोलणं एकट्यात कर. त्याला घटोत्कचाची आठवण करून दे. राक्षसकुळातला, पांडवांचा स्वतःचा मुलगा, रात्री बळ वाढणारा. चौदाव्या दिवसाच्या रात्री त्याने कौरवसेनेची अशी दाणादाण उडवली की कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली वासवी शक्ती त्याच्यावर सोडावी लागली. घटोत्कच पडला, पांडव रडले, आणि कृष्ण आनंदाने नाचला. अर्जुन वाचला म्हणून. वर म्हणाला, कर्णाने मारलं नसतं तर याला पुढे मला मारावं लागलं असतं. मला ती ओळ अजून झोंबते. आपल्या बाजूचा राक्षस लोक कसा वापरून घेतात ते त्यात उघडं दिसतं. मित्राला विचार, तुझ्या पार्टीने तुला असं वापरायला घेतलं तर तुझा राक्षस काय करेल? तो डोळे चमकवून बोलायला लागला तर तुला चांगला खेळाडू मिळाला. 'मग मी सगळ्यांना झोपेत जाळीन' असं म्हणाला तर स्वच्छ सांग, पार्टीवर हत्यार उगारायचं नाही, हा टेबलचा नियम आहे आणि तो कॅरेक्टरच्या स्वभावाच्या वरचा. कोणाला कशाची चीड येते, काय टेबलवर नको, हेही सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीत, पाचही जणांनी बोलून घ्या.

चार-पाच रविवार खेळून झाल्यावर क्लेरिकला पुन्हा एकदा वेगळं विचार. ती म्हणाली की अजूनही मागं मागंच चाललंय, तर दाव्याची सुनावणी लवकर लाव. मजुरी मिळू दे किंवा कायमची फेटाळली जाऊ दे, राक्षसाला मानाने डोंगरात परत जाऊ दे, आणि मित्राला त्याच लेव्हलचं दुसरं कॅरेक्टर बनवायला सांग. ही शक्यता त्याला आजच, शीट हातात घेतानाच, सांगून ठेव.